निरोप

डर्बीतल्या आमच्या घरात खाली दोन खोल्या,
मधे तपकिरी वेलबुट्टीचा गालिचा, अकरा फूट.
सहा वर्षांची असल्यापासून मी तो ओलांडत होते.
"ऋजू, सांग त्यांना, पोळ्या झाल्यात."
"सांग तिला, मी कँटीनमध्ये खाऊन आलोय."

चालता चालता मी वाक्यं बदलायला शिकले.
आईचं "गिळायला या म्हणावं"
पलीकडे पोचेपर्यंत "बाबा, जेवायला चला" व्हायचं.
बाबांचं "त्या बाईला विचार" तर
मी दाराशीच सोलायची, बिया काढायची,
आणि फोड तेवढी आईच्या हातावर ठेवायची.
शाळेत बाई म्हणाल्या, मुलगी फार समंजस आहे.

कशावरून झालं, ते आजतागायत कळलं नाही.
आत्या म्हणते पाटल्या. कराडचे काका म्हणतात एक पत्र.
दार कधी आपटलं नाही, ताट फुटलं नाही.
फक्त थर्मोस्टॅट :
आई वीसवर न्यायची, बाबा सोळावर आणायचे.
रात्री पाइप टकटक करायचे
आणि मला अंथरुणात वाटायचं,
बोलतायत.

पंचविसाव्या वाढदिवसाला हॉल घेतला होता.
सुरीवर दोघांचे हात. फोटोत मी मधे,
तोंड अर्धवट उघडं,
कुणाचं तरी काहीतरी पोचवायचं राहिल्यासारखं.

ओवेनचं सगळं उलट.
लानेल्लीतल्या त्या घरात जे काही व्हायचं ते मोठ्यानं.
आधी आई बॅग भरायची, मग वडील,
पुढे दोन सावत्र बाप आले, त्यांच्याही बॅगा.
हा जिन्यात बसून चेनचा आवाज ओळखायचा :
लांब असली तर महिनाभर,
आखूड असली तर सोमवारपर्यंत.
अजून बुटांच्या नाड्या सोडत नाही, तसाच पाय घालतो.
झोपतो दाराकडच्या बाजूला.

एकदा मी त्याला सांगितलं,
आमच्यात सांगावा धाडला तरी निरोप
आणि कायमचं जाताना घेतात तोही निरोपच.
तो म्हणाला, एकच शब्द?
चला, दोघांत पुरला.

बाबांच्या शेवटच्या आठवड्यात
आई पलंगाला टेकून उभी होती, वीतभर अंतरावर.
मला म्हणाली, "विचार त्यांना, दुखतंय का."
बाबा माझ्याकडे बघत म्हणाले,
"सांग तिला, नाही."
मी सांगितलं.
मॉर्फिनचं यंत्र बीप करत होतं.
त्या एका निरोपात मी काही बदललं नाही,
खोटा होता, तरी.

आणि काल, घराच्या कर्जाचे कागद.
ओवेन पेन हातात घेऊन बसला, टोपण काढलं, लावलं, काढलं.
मी काही बोलले नाही.
मी कुत्रीला म्हटलं,
"पिकल, सांग त्याला, फुली मारलीय तिथे सही कर."
मराठीत. पिकलनं कान टवकारले.
(चार वर्षं त्याला वाटत होतं
सांग हे तिचं घरातलं नाव आहे.)
त्यानं बुटांत पाय घातले.
दार लागलं.
मी ओट्याशी उभी राहून ऐकत होते :
फाटक, मग काही नाही, मग एक बस.

चाळीस मिनिटांनी आला. दुधाची पिशवी होती हातात,
दूध घरात होतं.
पायपुसण्यावरच बसला, बूट तसेच.
कुत्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे,
आणि वेल्श जिभेनं, ग वर जोर देत, म्हणाला,
"सांग."

आमचं स्वयंपाकघर लहान आहे. तीन पावलं, फार तर.
माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं,
सोललेलं, स्वच्छ.
भिंतीत पाइप टकटकायला लागले.
मी तोंड मिटलं
आणि बिया कुठे टाकल्या होत्या
ते आठवत राहिले.